पुतळ्याची मागची बाजू

दुब्रोव्हा, सॅस्कॅचेवन
४ नोव्हेंबर १९९९

श्रीमती लाशापेल यांस,

आपली ओळख नाही. मी ओरेस्ट हॉलोवाच याची थोरली बहीण. इथल्या शाळेत गणित शिकवत होते, आता निवृत्त आहे. कामाचंच लिहिते.

आमच्या गावच्या आइस हॉकीच्या रिंकला मार्चमध्ये ओरेस्टचं नाव देणार आहेत. दारासमोर ब्राँझचा पुतळाही बसणार आहे, आणि त्यात तुमचे यजमानही आहेत. तो फोटो तुम्ही पाहिला असणारच. १९६८ सालची ती मालिका आम्ही हरलो आणि तुम्ही जिंकलात, त्या संध्याकाळचा. आठवडाभर एकमेकांना कठड्यावर आपटायचं आणि शेवटी रांगेत उभं राहून हात मिळवायचे, ही रीत सगळेच पाळतात. पण ओरेस्टच्या कपाळावर ताजे टाके आहेत, भुवईपर्यंत रक्त आहे, आणि तरी तो तुमच्या यजमानांचा हात धरून त्यांच्याकडे बघून हसतो आहे. असं कोणी हसत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोखाली छापलं होतं, 'अशी असतात माणसं'. आमच्याकडे तो फोटो न्हाव्याच्या दुकानात आहे, धान्याच्या कोठाराच्या कचेरीत आहे, आणि चर्चच्या तळघरात बायका पिरोगी, म्हणजे आमच्या उकडलेल्या करंज्या, वळतात तिथेही आहे.

आता अडचण. पुतळा करणाऱ्या नुडसनबाईंनी मातीचा नमुना करायला घेतला आहे. त्या म्हणतात, फोटोला मागची बाजू नसते, पुतळ्याला असते. लोक त्याच्याभोवती फिरणार. फोटोत तुमच्या यजमानांचा उजवा हात ओरेस्टच्या हातात आहे, पण डावा हात ओरेस्टच्या अंगाआड गेलेला आहे, तो कुठे आहे हे दिसत नाही. त्यात स्टिक होती, हातमोजा होता, की तो नुसता खाली सोडला होता, एवढंच विचारून कळवावं. काम त्यासाठी अडलं आहे.

आपली,
स्तेफानिया हॉलोवाच

लाक-ओ-लू, क्विबेक
१९ नोव्हेंबर १९९९

स्तेफानियाबाई,

माझं इंग्रजी स्वयंपाकघरातलं आहे, चुका झाल्या तर शिक्षिका म्हणून लाल शाई काढू नका. रेआल पत्र लिहीत नाही. फोनवरसुद्धा तो हो आणि नाही एवढंच बोलतो, त्यातलं 'हो' जरा कमीच. म्हणून मी लिहिते.

तुमचं पत्र त्याला जेवताना वाचून दाखवलं. म्हणाला, "आठवत नाही. स्टिक असेल." मी म्हटलं, "असेल म्हणजे? हात तुझा आहे ना?" तर उठला आणि गॅरेजात जाऊन बर्फ ढकलायचं यंत्र खोलून बसला. ते यंत्र बिघडलेलं नव्हतं.

तेव्हा हातात स्टिक दाखवा आणि मोकळ्या व्हा. खरं सांगायचं तर आमच्या रेआलला त्या पुतळ्यातून वगळलंत तरी आम्हाला वाईट वाटणार नाही. गाव तुमच्या भावाचं, रिंक त्याची, गोल त्याचे. रेआल साधा बचावपटू होता, लोकांच्या वाटेत उभं राहायचे पैसे मिळायचे त्याला. एकट्या ओरेस्टचाच पुतळा का करत नाही?

ते कसे आहेत हल्ली? आणि एक विचारू का? रेआलने गॅरेजातून येऊन विचारायला लावलं, कारण सांगत नाही. तुमचं नाव स्तेफानिया. घरी तुम्हाला स्तेफा म्हणतात का?

फेर्नांद लाशापेल

दुब्रोव्हा
१ डिसेंबर १९९९

फेर्नांदबाई,

'स्टिक असेल' हे उत्तर नाही. वर्गात असं लिहिणाऱ्याला मी शून्य देत असे.

मी आडपडदा ठेवत नाही. तुमचे यजमान तो फोटो सही करून देत नाहीत, हे इथे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या कमिटीचे अध्यक्ष वॉल्टर प्रिस्तुपा स्वतः एकदा जुन्या खेळाडूंच्या मेळाव्यात तो घेऊन गेले होते. बाकी सगळ्या फोटोंवर सही केली आणि तो मात्र बाजूला सारला. प्रिस्तुपा म्हणतात, "जळतो तो म्हातारा. हात दोघांचे, आणि नाव ओरेस्टचं झालं ना!" मला यावर विश्वास ठेवायचा नव्हता. पण तुमचं पत्र वाचून वाटतं, काहीतरी आहे.

मला हा पुतळा का हवा आहे ते लिहिते, म्हणजे पुन्हा 'वगळा' असं लिहिणार नाही. ओरेस्ट सोळाव्या वर्षी इथून गेला तेव्हा नडगीला वर्तमानपत्रं बांधून खेळत होता. चोविसाव्या वर्षी त्याच्या पुढे दोन-तीनच माणसं होती, असं खेळ कळणारे म्हणत. आणि त्या मालिकेनंतर सगळं घसरलं. पुढच्या हंगामात सोपे पास सुटायला लागले. सरावाला उशिरा जायचा, मैदानाचा रस्ता चुकलो म्हणायचा. क्लबने विकला, दुसऱ्याने विकला, तिसऱ्याने बाकावर बसवला. पेपरवाले म्हणाले आळशी, मग म्हणाले दारुडा. दारू प्यायचाही. त्याची बायको कॉलीन मुलीला घेऊन निघून गेली ती परत आली नाही. गेली नऊ वर्षं तो माझ्याकडे आहे.

घरात मी थेंब येऊ देत नाही. तरी सकाळी कॉफीच्या वेळी याची जीभ जड असते आणि जिना भिंत धरून उतरतो. मी कप हुंगते, तळघर झाडते, गाडीची डिकी बघते. बाटली कधी सापडत नाही. लपवण्यात हुशार आहे. खेळातही तसाच होता, चकती त्याच्याकडे आहे हे समोरच्याला कळायचंच नाही.

या माणसाबद्दल गावाला चांगलं म्हणता येईल असं एकच उरलं आहे, आणि ते त्या फोटोत आहे. तो शुद्धीत उभा राहू शकतो तोवर त्याला ते बघू दे, इतकंच मला हवं आहे.

हो, घरी स्तेफा म्हणतात. त्याचा डाव्या हाताशी काय संबंध?

स्तेफानिया हॉलोवाच

लाक-ओ-लू
१३ डिसेंबर १९९९

स्तेफानियाबाई,

तुमची शेवटची ओळ मी रेआलला वाचून दाखवली. तो सूप पीत होता. चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "म्हणजे ती बहीण होती." मी विचारलं कोण बहीण, कधी, कुठली? काही नाही. सूप गार झालं, मी परत गरम केलं, परत गार झालं.

तो जळत नाही हो. प्रिस्तुपासाहेबांना सांगा. इथल्या टायरच्या दुकानवाल्याने एकदा तोच फोटो पुढे केला तेव्हा मी शेजारी होते. तो म्हणाला, "सही कर की रे, तुझा सगळ्यात चांगला फोटो आहे." रेआल म्हणाला, "हा चांगला फोटो नाही," आणि टायर न बदलताच निघाला. तुमच्या भावाबद्दल मात्र म्हणतो, असा माणूस बर्फावर त्याने दुसरा पाहिला नाही. "मी त्याच्या वाटेत उभा राहायचो, आणि कळायच्या आत तो माझ्या मागे असायचा."

आता मी काही विचारते. रागावू नका, मी पंधरा वर्षं दवाखान्यात लोकांची अंथरुणं बदलली आहेत, डोळे उघडे ठेवून बदलली आहेत. ओरेस्ट झोकांड्या खातात तेव्हा तोंडाला वास येतो का? डोकं दुखतं का? उजेड सहन होतो का? चिडले की नंतर त्यांना ते आठवतं का?

रेआल काहीतरी ठरवतो आहे. इतकी वर्षं संसार केला, एवढं ओळखते. मी खोदत नाही. त्याला ढकललं की तो जागचा हलत नाही, तेच तर त्याचं काम होतं.

फेर्नांद

दुब्रोव्हा
२१ डिसेंबर १९९९

फेर्नांदबाई,

मी एका हाताबद्दल विचारलं होतं. तुम्ही माझ्या भावाची तपासणी मांडली आहे.

वास येत नाही. डोकं दुखतं. पडदे लावून बसतो. काल मी पडदे उघडले, म्हटलं, "ऊठ, दुपार झाली, लोक काय म्हणतील?" तर खुर्ची लाथाडून माझ्यावर ओरडला, "बंद कर ते! चाकू खुपसतेस का डोळ्यात?" मी पडदे उघडेच ठेवले. जेवायला आला तेव्हा विचारतो, "स्तेफा, खुर्ची कोणी मोडली गं?" मी म्हटलं, "नाटकं पुरे." तो खुर्चीकडे बघत बसला, मग तिचा पाय चिकटवायला डिंक शोधू लागला. डिंक त्याच्या हातातच होता.

हे सगळं मी तुम्हाला का लिहिते आहे, कळत नाही. आमच्या डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच सांगितलं आहे, दारूने मेंदू झिजतो आणि त्याला औषध नाही. माझा भाऊ काय आहे हे मला माहीत आहे. तो काय होता, तेवढं तरी राहू द्या.

आमचा नाताळ जुन्या कॅलेंडरप्रमाणे सात जानेवारीला असतो. तोवर तुमच्याकडून सरळ उत्तर आलं नाही, तर नुडसनबाईंना स्टिक द्यायला सांगते. विषय संपला.

स्तेफानिया हॉलोवाच

लाक-ओ-लू
८ जानेवारी २०००

स्तेफाबाई,

तुमची तारीख उलटून गेली. तरी हे वाचा, आणि बसून वाचा.

नव्या वर्षाच्या दिवशी पोरंनातवंडं जेवून गेली. मी भांडी विसळत होते. रेआल मागे येऊन म्हणाला, "हात पूस आणि इकडे उभी राहा." मला समोर उभं केलं, उजवा हात हातात घेतला, आणि डावा हात माझ्या काखेत घातला, खालून वर, जसं पडणाऱ्याला धरतात तसा. म्हणाला, "इथे होता डावा हात. लिही तिला."

मग सांगायला लागला. आमच्या लग्नात बोलला नसेल एवढं बोलला. तो सांगेल तसं लिहिते.

दुसऱ्या डावात ओरेस्ट घसरत येऊन गोलच्या लोखंडी खांबावर आपटले. तेव्हा खांब बर्फात पक्के रोवलेले असत आणि डोक्यावर कोणी काही घालत नसे. आवाज वरच्या रांगेपर्यंत गेला. आत नेऊन टाके घातले, नाकाखाली शुद्धीवर आणणाऱ्या औषधाची बाटली धरली, आणि तिसऱ्या डावात परत आणलं. गोलही केला त्यांनी. तुमच्याकडे ती गोष्ट फार सांगत असतील, टाके घालून आला आणि गोल केला. रेआल म्हणतो, गोल झाल्यावर ते आमच्या बाकाकडे निघाले होते. आमच्या! रेआलने खांद्याला धरून फिरवलं, लोकांना वाटलं धक्काबुक्की झाली.

मग सामना संपला, रांग लागली. रेआल म्हणतो, "मी हात पुढे केला. त्याने धरला आणि सोडेना. मला ओळखत नव्हता. त्याचे गुडघे गेले होते. मी डावा हात घातला नसता तर तो तिथेच पडला असता. एवढा जड होता, की माझेच पाय सरकले. आणि तो माझ्याकडे बघून हसत होता, लहान मूल घरचं कोणी दिसलं की हसतं तसा." तेव्हाच फोटो निघाला.

रेआलने त्यांना तसंच धरून कठड्यापर्यंत नेलं आणि त्यांच्या ट्रेनरला सांगितलं, "हा माणूस इथे नाही. याला दवाखान्यात घेऊन जा." ट्रेनर म्हणाला, "जिंकलात ना? मग मिरवा की. आमच्या पोराची काळजी आम्ही करू." रेआल त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेला, तिथून त्याला घालवलं. दुसऱ्या दिवशी पेपर आला. अशी असतात माणसं.

म्हणून तो सही करत नाही. म्हणतो, त्या फोटोत हात मिळवणारा एकच माणूस आहे. दुसरा नुसता धरून उभा आहे, कुठे आहे हे त्याला ठाऊक नाही.

आणखी एक. हसताना ओरेस्ट काही म्हणाले होते. लोक रेआलला विचारतात, काय म्हणाला, 'जा, कप जिंक' असं म्हणाला ना? ते शब्द इंग्रजी नव्हते आणि आमचेही नव्हते. रेआलला अर्थ माहीत नाही, पण शब्द पाठ आहेत. पहिला होता स्तेफा. त्याला वाटायचं बायको असेल, मैत्रीण असेल. तुमच्या पत्राखालचं नाव ऐकून तो उठून गॅरेजात गेला होता, ते त्यामुळे. पुढचा शब्द तो 'चेकाय' असा म्हणतो. स्तेफा, चेकाय. दोनदा म्हणाले. याचा अर्थ काय?

तुमच्या भावाला दारूने झिजवलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण आधी काय झालं होतं, ते आता तुम्हाला कळलं आहे.

फेर्नांद

दुब्रोव्हा
२० फेब्रुवारी २०००

फेर्नांदबाई,

उत्तराला उशीर झाला. कामं होती.

ओरेस्टला सॅस्कटूनला मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण बाई आहे, ऐकून घेते. तिला खांब, टाके, दुसऱ्या संघाच्या बाकाकडे जाणं, सोपे पास सुटणं, रस्ता चुकणं, सगळं क्रमाने सांगितलं. तिने विचारलं, "हे आधी कोणी सांगितलं नाही?" मी म्हटलं, "आधी कोणी विचारलं नाही." ती म्हणाली, दारू किती आणि मार किती हे आता वेगळं काढता येणार नाही. त्या एका रात्रीचा मार की आधीचे-नंतरचे सगळे मिळून, तेही नाही. पण गेली काही वर्षं हा पीत नसावा, असं तिचं मत आहे. हे दुखणं आहे, आणि ते वाढत जाणार. उजेड कमी ठेवा म्हणाली. मी पडदे जाड केले. कप हुंगणं बंद केलं आहे.

मग नुडसनबाईंना फोन करून डावा हात कुठे होता ते सांगितलं. त्या फोन ठेवून नमुन्यापाशी जाऊन आल्या. मग म्हणाल्या, "म्हणून त्याच्या टाचा बसत नव्हत्या! मी त्याला कितीही सरळ उभा केला तरी तो पडल्यासारखा दिसत होता. मला वाटलं मीच चुकते आहे." आठवड्यात त्यांनी नमुना बदलला. मी जाऊन पाहिला. समोरून तुमच्या-आमच्या फोटोसारखाच आहे. मागे गेलं की दिसतं, एक माणूस दुसऱ्याला पडू देत नाही.

कमिटीची बैठक झाली. प्रिस्तुपा मागच्या बाजूला गेले आणि तिथेच थांबले. म्हणाले, "स्तेफा, हे काय? आपल्या ओरेस्टला त्याने उचलून धरलंय?"

"धरलंच होतं."

"पण लोक काय बघायला येणार? हॉलोवाचला उभं राहता येत नव्हतं, हे?"

"जे झालं ते."

"अगं, त्याने टाके घालून गोल मारलाय! गावातली निम्मी पोरं ती गोष्ट ऐकून खेळायला लागली."

"म्हणूनच म्हणते."

ते म्हणाले, हात पाठीमागे लपवू, नाहीतर स्टिक देऊ, कोणाला कळणार आहे. मी म्हटलं, घरच्यांची सही लागते ना? डावा हात जिथे होता तिथेच असेल, तर सही आहे. नाहीतर पुतळा नाही. त्यांनी मत घेतलं. पुतळा नाही असं ठरलं. एकट्या ओरेस्टचाही नाही, कारण प्रिस्तुपांना माझं तोंड पुन्हा बघायचं नाही. रिंकला नाव मात्र देणार आहेत, पाट्या रंगवून झाल्या आहेत.

चर्चच्या तळघरात माझ्या टेबलावर आता जागा भरपूर असते. शेजारी कोणी बसत नाही, पिरोगी वळायला हात मोकळे मिळतात.

मी तुम्हाला दुसऱ्या पत्रात लिहिलं होतं की मला पुतळा का हवा. तो आता मिळणार नाही आणि गाव अजूनही त्याला दारुडाच म्हणतं. खरं मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, आणि सॅस्कटूनच्या एका पोरीला. याचा त्याला काय उपयोग, हे मला कळत नाही.

स्तेफानिया

लाक-ओ-लू
३ मार्च २०००

प्रिय स्तेफाबाई,

तुमचं पत्र वाचून मी प्रिस्तुपासाहेबांना चार शब्द सुनावले, आमच्या भाषेत आणि भिंतीकडे तोंड करून. बरं वाटलं.

रेआल म्हणाला, पुतळा झाला नाही ते बरं झालं, ब्राँझमध्ये त्याचं नाक मोठं आलं असतं. मग म्हणाला, "तिला सांग, उपयोग आहे. त्याच्याबरोबर एकाने तरी राहायला हवं, ज्याला माहीत आहे." मी हे तो म्हणाला तसंच लिहिते. बोलल्यावर लाजला आणि कुत्र्याला फिरवायला गेला. कुत्रं आत्ताच फिरून आलं होतं.

नाव द्यायच्या दिवशी तुम्ही ओरेस्टना नेणार आहात का? मी असते तर नेलं नसतं. दिवे, गोंगाट, आणि लोक तोंडं हुंगायला जवळ येणार. पण तुम्ही माझं ऐकणाऱ्यातल्या नाही.

आणि तुम्ही एका प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. शाळेत शून्य मिळालं असतं. 'चेकाय' म्हणजे काय? एकतीस वर्षं तो शब्द आमच्या घरात आहे. रेआल विचारणार नाही, पण टपाल आलं की आधी तुमचं पाकीट शोधतो.

फेर्नांद

दुब्रोव्हा
२७ मार्च २०००

प्रिय फेर्नांद,

परवा रिंकला नाव दिलं. तुमचं ऐकलं आणि नाही ऐकलं. दिवे लावून भाषणं चालली होती तोवर ओरेस्टला बर्फ साफ करणाऱ्या यंत्राच्या खोलीत बसवलं. तिथे अंधार असतो आणि त्याला त्या यंत्राचा वास आवडतो. मी एकटी बर्फावर अंथरलेल्या गालिच्यावर गेले.

प्रिस्तुपांनी ती गोष्ट सांगितलीच. टाके, गोल, हात, अशी असतात माणसं. टाळ्या झाल्या. मग कठड्यापाशी कोणीतरी म्हणालं, आणि माइक चालू असल्यामुळे सगळ्यांना ऐकू जावं इतक्या मोठ्याने म्हणालं, "आणि हिरो कुठाय? बारमध्ये?" हसले लोक.

माझं नाव बोलणाऱ्यांत नव्हतं. मी प्रिस्तुपांच्या हातातून माइक घेतला. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना मी अपूर्णांक शिकवले आहेत. म्हटलं, "बसा." बसले. म्हटलं, "माझा भाऊ आजारी आहे. त्या रात्री त्याचं डोकं खांबावर आपटलं आणि त्याला परत खेळायला लावलं. गोल केला तो त्याला आठवत नाही. फोटोत तो हात मिळवत नाहीये, तो पडतो आहे, आणि क्विबेकचा रेआल लाशापेल त्याला धरून उभा आहे. त्या माणसाने सांगितलं होतं, याला दवाखान्यात घेऊन जा. आपल्यातल्या कोणी नाही सांगितलं. ज्याला अजून दारुडा म्हणायचं आहे त्याने इथे पुढे येऊन म्हणावं." कोणी आलं नाही. माइक परत दिला. प्रिस्तुपांनी घसा साफ केला आणि सोडतीचा पहिला नंबर पुकारला. कोणाला तरी गोठवलेलं टर्की मिळालं.

चमत्कार काही झाला नाही. दुसऱ्या दिवशी दोन बाया माझ्याशी बोलल्या नाहीत, एक बोलली. न्हाव्याने दुकानातून बाहेर येऊन विचारलं, "टीचर, फोटो काढून टाकू का?" मी म्हटलं, "राहू दे. गिऱ्हाइकांना गोष्ट सांगतोस ती मात्र बदल." तो म्हणाला, "ही गोष्ट केस कापताना सांगण्यासारखी नाही." मी म्हटलं, "मग गप्प राहून काप."

आता तुमचा शब्द. मी तो मुद्दाम टाळला होता.

आम्ही लहान असताना शाळा सुटली की गोठलेल्या तळ्यावर मुलं खेळत. अंधार पडला की मी ओरेस्टला ओढून काढी आणि घराकडे निघे. घर दूर होतं, थंडी उणे तीसच्या खाली, आणि मला जाऊन चूल पेटवायची असे. मी भराभर पुढे. तो मागे, स्केट्स खांद्यावर, पाय बधिर झालेले. आणि दर थोड्या वेळाने मागून आमच्या घरच्या बोलीत आवाज यायचा. स्तेफा, चेकाय. थांब ना, स्तेफा. माझ्यासाठी थांब.

परवा समारंभ संपला आणि गर्दी पांगल्यावर आम्ही मागच्या दाराने निघालो. रस्ता काचेसारखा झाला होता. मी नेहमीसारखी पुढे चालत होते, घरी जाऊन पडदे लावायचे होते, त्याच्या गोळ्यांची वेळ झाली होती. आणि मागून तोच आवाज आला. म्हाताऱ्याचा, जड जिभेचा, पण तोच.

मी थांबले. मागे गेले. त्याने उजवा हात पुढे केला, मी तो धरला, आणि डावा हात त्याच्या काखेत खालून वर घातला, तुमच्या ओट्यापाशी रेआलनी दाखवला तसा. त्याने सगळा भार माझ्यावर टाकला आणि माझ्याकडे बघून हसला. तसेच घरापर्यंत आलो, वेळ लागला.

रेआलना सांगा, तो अजूनही तेवढाच जड आहे.

तुमची,
स्तेफा